थोरलीची स्वारी

“तिनं जायचं नाही! माझ्या मुलाच्या नावानं घोडी निघणार असेल, तर तू बसशील तिच्यावर. ज्या बाईनं त्याला आगीत धाडलं, ती नाही!”

सासऱ्यांनी हे स्वयंपाकघराच्या दारातून धाकट्या मुलाला सुनावलं, आणि जिला लागायला हवं होतं ती थोरली सून तिथेच दूध तापवत उभी होती. गिरणीच्या आगीत तिचा नवरा गेल्यापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. जे सांगायचं ते भिंतींना सांगायचे. एरवी ती ऐकून घेई, पण आज काळजात कळ उठली... त्या आगीत बळी गेलेल्या अभागी जिवांच्या स्मरणार्थ दरवर्षी जळक्या गिरणीच्या फाटकापासून घोडेस्वार निघत, आणि गावोगावी मदत गोळा करत दूरच्या भाजलेल्यांच्या इस्पितळापर्यंत जात. एकदा, फक्त एकदा, आपणही त्याच्यासाठी जावं, एवढंच तिने मागितलं होतं!

या तबेलेवाल्यांच्या घरात ती आली तेव्हा मांजराला बिचकणारी मुलगी होती. पहिल्याच खेपेला घोडीवरून थेट गवताच्या गंजीत पडली, आणि नवरा पोट धरधरून हसला... किती दिवस त्याने तिच्या केसांतल्या काड्या काढायच्या निमित्ताने तिला छेडलं! पुढे ती अशी तयार झाली, की सासरेच येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत, “आमच्या जनावरांना माझ्यापेक्षा सुनेचा धाक!” कुठे गेले ते सोन्यासारखे दिवस?

मग तो दिवस उजाडला. घोडी व्यायला झाली होती आणि धाकट्याला तिला सोडवेना. नेमकी त्याचीच गिरणीत दुपारची पाळी. “वहिनी, दादाला सांग ना, आजच्या दिवस माझ्याऐवजी जा म्हणून!” वहिनीनेच लाडीगोडी लावून नवऱ्याची सुट्टी मोडली. इकडे तबेल्यात शिंगरू पायांवर उभं राहिलं, आणि तिकडे गिरणीवर धुराचे लोट...

परगावाहून परतलेले सासरे आक्रोश करत होते, “कुणी पाठवलं माझ्या लेकाला? जन्मात तोंड बघणार नाही त्याचं!” मिसरूड नुकतंच फुटलेला दीर कोपऱ्यात दडून बसला होता. एक मुलगा गेला, आता दुसराही या घराला पारखा होणार?

“मी पाठवलं,” थोरली म्हणाली. खोटं नव्हतंच ते, अर्धं होतं. धाकट्याची जी दातखीळ बसली, ती मात्र आजवर सुटली नव्हती.

ते शिंगरू आता उमदी घोडी होऊन फाटकाशी उभं होतं. निघण्यापूर्वी प्रत्येक स्वाराने आपण कुणासाठी निघालो ते सर्वांसमक्ष मोठ्याने सांगायचं, अशी इथली रीत. घोडीच्या चंदीची पिशवी घेऊन थोरली गर्दीमागे थांबली. धाकट्याची वेळ आली... त्याने लगाम धरला, पण घोडीवर बसण्याऐवजी तो वडिलांकडे वळला.

“मी... मी दादासाठी निघालोय,” त्याला हुंदका आवरेना. “पाळी माझी होती, बाबा! मीच वहिनीच्या हातापाया पडलो होतो. ती मला वाचवायला गप्प बसली, आणि मी भेकड, तिला रोज जळताना बघत राहिलो!”

लोकांतून वाट काढत सासरे थोरलीपुढे आले आणि त्यांनी हात जोडले.

“तू बस, पोरी. तुझाच मान आहे तो.”

तिच्या डोळ्यांना धार लागली. तरीही ती जागची हलली नाही.

“आधी त्याला जवळ घ्या, बाबा. त्याच्याशी अबोला धरणार असाल, तर ही स्वारी नको मला!”

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. क्षणभर तो जुना संताप चेहऱ्यावर आला, आणि ओसरला. त्यांनी धाकट्याला कवटाळलं, तेव्हा बापलेक दोघेही लहान मुलांसारखे रडले.

मग सासरे कष्टाने घोडीपाशी वाकले. खोगीर थोरल्या मुलाचं, आणि रिकिबीचे पट्टे अजून त्याच्याच मापाचे होते. त्या घरात आजवर कुणी ते बदलले नव्हते. त्यांनी एकेक पट्टा सोडवून आखूड केला आणि थोरलीचं पाऊल आपल्या हाताने रिकिबीत ठेवलं.

“पोचतोय का गं पाय?”

“पोचतोय, बाबा.”

“मग वळणापर्यंत येतो तुला सोडायला.”

वळण आलं, मागे पडलं... म्हातारा आपला घोडीच्या बाजूने चालतच होता, आणि तिला गेलेल्या मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होता.