पलंगाखालची ताई

सकाळी उपचारखोलीचं दार उघडलं आणि मी जागच्या जागी थिजले. माझ्या तपासणीच्या पलंगावर एक ताडमाड उंच, अनोळखी पुरुष गळ्यापर्यंत चादर ओढून, डोळे मिटून पडला होता!

"अहो! कोण तुम्ही?"

"श्श... मी पेशंट नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "पेशंट खाली आहे."

मी वाकले. पलंगाखाली पस्तिशीची एक बाई अंग चोरून बसली होती.

"माझी ताई. जन्मापासूनच तिला गोष्टी समजायला वेळ लागतो. इथे काही दुखत नाही, हे तिला करून दाखवतोय."

"आणि चादर?"

"तीच म्हणाली, नीट झोप."

हसावं की रागवावं, मला कळेना. ताईचा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण भीतीनं ती पाऊलच टेकवत नव्हती. माझ्याकडे फिजिओथेरपीला पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं – असंच चाललं तर घोटा कायमचा आखडेल, आणि मग चाकांची खुर्ची.

मग मी खोलीच पार बदलून टाकली. भिंतभर आरशाला ताई दचकायची, त्यावर पडदा ओढला. टिकटिकणारं यंत्र बाहेर काढलं. गादी जमिनीवर घातली आणि मीही खालीच बसू लागले. वर एक नियम – काहीही करायचं ते आधी सोप्या शब्दांत सांगायचं, भावावर करून दाखवायचं, मगच ताईला हात लावायचा.

त्यामुळे रोज त्याचा पाय माझ्या हातात! तळव्याला नुसतं बोट लागलं की हा घोड्यासारखा खिंकाळायचा.

"गुदगुल्या होतात हो, मॅडम!"

"मग मोजे घाला."

"मग तुमचे हात गार आहेत की ऊन, ते कसं कळणार?"

"बाळ्या लाल झाला," ताई जाहीर करायची. खरं तर लाल मी झालेली असायचे.

एके दिवशी त्याचा घोटा धरताना माझी बोटं चक्क थरथरली. धक्काच बसला मला! पेशंटच्या भावावर जीव जडावा... शोभतं का हे? दुसऱ्या दिवशी मी त्याला दारातच अडवलं.

"आजपासून तुम्ही बाहेर बसा."

आत ताईनं असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. ती पुन्हा पलंगाखाली शिरली, पाय पोटाशी घेऊन. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं. आरशाचा, आवाजाचा, गादीचा सगळा विचार मी केला होता, आणि त्या खोलीतला तिचा सगळ्यात मोठा आधार मीच उचलून बाहेर ठेवला होता.

तो तरातरा आत आला.

"ताईला बोट लावायचं तरी आधी सांगता तुम्ही. मला मात्र एका शब्दानं न सांगता बाहेर? माझं काय चुकलं?"

"काही नाही..."

"मग?"

"मग – तुम्ही समोर असलात की माझे हात थरथरतात!"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"मॅडम... खरं सांगू? मला गुदगुल्या होतच नाहीत."

"काय?"

"तुम्ही पाय हातात घेतलात की आनंदानं हसूच फुटायचं. ते लपवायचं तरी कसं?" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण घरी आम्ही दोघंच आहोत. जी येईल, तिला ताईसकट मला पत्करावं लागेल. आधी दोघीजणी याच अटीवर मागे फिरल्या."

"आणि ताईनं मला पत्करलं नाही तर?"

विचारायला आम्ही दोघंही वाकलो. पलंगाखाली कोणीच नव्हतं!

धावत बाहेर आलो, तर ताई व्हरांड्याच्या टोकाला, नळापाशी. उभी. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून ग्लास भरत होती.

"ताई... तू... चालत आलीस?"

"तुम्ही बोलतच बसलात," ती वैतागून म्हणाली. "मला तहान लागली."

ज्या पहिल्या पावलासाठी आम्ही जिवाचं रान केलं, ते दोघांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं! मी मटकन बाकावर बसले आणि रडूच लागले. तो शेजारी टेकला, त्याचेही डोळे वाहू लागले. ताईनं आम्हाला आळीपाळीनं निरखलं, सावकाश पाणी प्यायली आणि म्हणाली, "रडून झालं की घरी जाऊ. तिघं."