तीन टब रातकिडे आणि एक खादाड

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझा चष्मा रातकिड्यांनी उचलून न्यावा आणि त्यांच्यातल्या थोरल्याने तो लावून पेपर वाचावा.

तर, मामी बहिणीच्या बाळंतपणाला निघाली होती. खाली गाडी हॉर्न मारत होती आणि मामी मागच्या खोलीत टिकलीला सूचना देत होती. त्या खोलीत प्लास्टिकचे तीन मोठे टब होते आणि टबांत रातकिडे. शेकड्यांनी! लोकांच्या पाळलेल्या पाखरांना खाऊ म्हणून मामी ते घरीच वाढवायची. पाला धुऊन पुसून द्यायचा, पाणी वाटीत ठेवायचं नाही, बुडून मरतात, ओला कापूस ठेवायचा. डब्यातल्या मातीत अंडी आहेत, ती माती सुकू द्यायची नाही. आणि फवारा? नावसुद्धा काढायचं नाही.

"आणि गारठा लागू देऊ नका गं त्यांना!" ती जिन्यातून ओरडली.

तिची बॅग उचलून मागून उतरणाऱ्या मामाने नाक मुरडलं. "आम्हाला कधी विचारलं नाही, गारठा लागतो का म्हणून."

मामा बस चालवायचा. पहाटेची पहिली फेरी त्याची. रातकिड्यांच्या किरकिरीने कान किटले, हे तो दिवसातून चारदा म्हणायचा. एकदा तर त्या आवाजाने घड्याळाचा गजर लाजून गप्प बसला होता.

टिकली बारा वर्षांची. तिची धाकटी बहीण सतत मागे मागे, म्हणून तिचं नाव शेपूट. आणि मामाचा मुलगा प्रोफेसर, ज्याला कशाचंही उत्तर माहीत नसलं तरी कारण माहीत असायचं. सुट्टीची ही फौज. शिवाय बुटाच्या खोक्यात खादाड होता. पाकोळीचं पिल्लू, घरट्यातून पडलेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "भात नको, पाव नको. फक्त किडे, दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने. आठ-दहा दिवस निभावलंत तर उडेल." टिकलीने त्याला पहिला रातकिडा चिमट्याने भरवला, तेव्हा त्याने तिचं बोट चोचीत धरून ठेवलं होतं. तेव्हापासून ती त्याची आईच झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिकलीने पहिल्या टबाची जाळी काढली. किरकिर नाही. सगळे रातकिडे उताणे, पाय वर.

फौजेने टब रिकामा केला, घासला. कापूस ओला होता, कुणी बुडालेलं नव्हतं. मुंग्या नव्हत्या. पाला टिकलीने स्वतः पुसला होता. प्रोफेसर म्हणाला, साथ आली असणार. पण दुसऱ्या दिवशी मधला टब गेला आणि तिसरा ठणठणीत गात होता. साथ अशी एक-एक टब मोजत येते होय?

"कुणीतरी मारतंय," टिकली म्हणाली. खोक्यातून खादाड चोच वासून ओरडत होता.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या काकांवर. ते रोज खिडकीतून रातकिड्यांच्या नावाने खडे फोडायचे. तिघं जिना चढून गेली. काका बनियनवर दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फेस पुसत म्हणाले, "मी शिव्या देतो, विष देत नाही. आणि दोन दिवस झोप नाही मला. आवाज कमी का केलात?"

खाली येऊन टिकलीने मधल्या टबाची जाळी उजेडात धरली. एका कोपऱ्यात निळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता. शेपूटने त्याला नाक लावलं आणि ते मुरडलं.

"मामाच्या लग्नातल्या कोटाचा वास येतोय."

प्रोफेसर उडालाच. लग्नाचा कोट पेटीत होता आणि पेटीत मूठभर डांबराच्या गोळ्या. "कपड्यांना कीड लागू नये म्हणून असतात त्या," तो हळूच म्हणाला. "आणि रातकिडे म्हणजे कीडच की."

म्हणजे पेटीतलं काहीतरी टबावर येत होतं आणि सकाळी गायब होत होतं. टिकलीने बेत रचला. संध्याकाळी तिसऱ्या टबातले रातकिडे मातीच्या डब्यासकट न्हाणीघरात हलवले. खोलीत रिकामा टब ठेवला. आणि पहाटे मामाच्या गजराआधी तिघं टेबलाखाली शिरली.

दार हळूच उघडलं. मामा! गणवेश घातलेला, बूट हातात. टबावर रात्रीतूनच निळं लोकरीचं पांघरूण नीट खोचलेलं होतं, मामीचं सगळ्यात चांगलं. त्याने ते उचललं, घडी घातली आणि रिकाम्या टबाशी उकिडवा बसला.

"आज इतके गप का रे?" तो कुजबुजला. "ऊब मिळाली ना? दोन टब गारठून गेले, आता तुम्ही तरी जगा. तिने एवढं एकच सांगितलं होतं जाताना. आणि त्या पोरीचं पाखरू आहे तुमच्या भरवशावर."

टिकलीने मनात दहा भांडणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तिला आठवेना. ती बाहेर आली आणि मामाच्या शेजारी बसली.

"मामा, पांघरूण उबदार आहे. पण त्याला गोळ्यांचा वास आहे. तो त्यांना सोसत नाही."

मामाने पांघरूण नाकाशी नेलं. "म्हणजे मीच?"

"तुला माहीत नव्हतं."

"विचारायला तर तोंड होतं ना मला," तो म्हणाला. "लाज वाटली. सारखं नावं ठेवायची आणि पांघरूणही घालायचं."

न्हाणीघरात मोजून चाळीस रातकिडे; खादाडला आधीपासून याच टबातून भरवत होते. खादाडला ते दोन दिवसही पुरले नसते. त्या दुपारी मामा डेपोतून परतला तो बरणी घेऊन. आत माश्या, नाकतोडे, पतंग. डेपोत कसलाही फवारा मारत नाहीत, हे त्याने या वेळी आधी विचारून घेतलं होतं! मग रोज एक बरणी. बस धुणारे, मेकॅनिक, कंडक्टर, सगळे टोप्या घेऊन भिंतीकडेने नाकतोड्यांमागे. पहिली बस सात मिनिटं उशिरा सुटली, आणि प्रवासी चिडायचे सोडून खाली उतरून मदत करू लागले.

मामाने मामीला फोन करून सगळं कबूल केलं. मामी इतकी हसली की तिकडे तान्हं बाळ जागं झालं. "पंधरा वर्षांत मला एकदा पांघरूण घातलं नाहीत. आणि किड्यांना?" मग तिने फोन टिकलीला द्यायला सांगितलं. "पोरी, मी असते तर हात टेकले असते. तुम्ही सोडलं नाहीत. आणि मामाला रागावलीही नाहीस, ते मला जास्त आवडलं."

मामी परतली त्या सकाळी न्हाणीघरातल्या डब्यात माती हलली. मुंगीएवढे पांढुरके रातकिडे, बघता बघता शेकडो. आणि त्याच दुपारी खादाड खोक्याच्या काठावर बसला, टिकलीच्या बोटाला शेवटची चोच मारली आणि खिडकीतून थेट आभाळात! टिकली रडली. प्रोफेसरने त्याचं कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खादाड मामाच्या बसच्या आरशावर येऊन बसला आणि पहिली फेरी त्याने पुरी केली.

बरं, बरं. हे शेवटचं तेवढं झालेलं नाही. मामा तसं सांगतो, रोज सांगतो, आणि घरात त्याला कुणी खोटं पाडत नाही. मग मी कशी पाडू?

चष्मा मात्र आज उशाखाली ठेवते.