वीस सेंटिमीटर

जाईची दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा उद्यावर आली, तरी जर्नलचं एक पान कोरंच होतं. वैशालीचा जीव टांगणीला लागला होता. ऐरोलीत बारा वर्षं विज्ञानाचे क्लास घेणाऱ्या बाईच्याच मुलीचे मार्क कापले जायचे!

प्रयोग साधा. खिडकीसमोर बहिर्वक्र भिंग धरायचं, मागे कागद सरकवायचा, समोरच्या टॉवरची उलटी प्रतिमा स्पष्ट उमटली की अंतर मोजायचं. तेच नाभीय अंतर; या भिंगाचं वीस सेंटिमीटर.

“तीनदा वीस लिही आणि मोकळी हो,” वैशाली म्हणाली. क्लासच्या पोरांनाही ती हेच सांगायची. स्वतः भिंग हातात धरून तिला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

“मी खरंच मोजलं गं. वीस. मग वीस पॉइंट चार. मग बावीस.”

“वाढतंय कसं? टॉवर काय चालत येतोय?”

“टॉवर वीसलाच येतो. तो माणूस पुढे येतोय.”

वैशालीनं कागद हातात घेतला. जाईनं टेबलावरच्या पट्टीच्या टोकाशी भिंग धरलं. भर दुपारच्या उन्हात टॉवर उलटा उमटला, पाण्याच्या टाक्या खाली, आभाळ त्यांच्याही खाली. माणूस तेवढा सुलटा होता. म्हणजे बाहेर तो उलटा असणार.

तिनं दचकून खिडकीकडे पाहिलं. आठवा मजला, ग्रिल, वाळत घातलेले टॉवेल. कोणी नव्हतं.

वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे जाते. तिनं पेन्सिलीनं गणित मांडलं. वीस पॉइंट चार, म्हणजे दहा मीटर. बावीस, म्हणजे दोन मीटर वीस. खिडकी तेवढ्याच अंतरावर होती.

“आई, पुसट झाला. मागे घे.”

तिला भयंकर भीती वाटली. भिंग हिसकावून घ्यावं, तर मग तो कुठे आहे हे कळणार कसं? तिनं कागद मागे नेला.

तीस. म्हणजे साठ सेंटिमीटर.

चाळीस. कागदावर खऱ्याएवढा चेहरा. डोळे मिटलेले.

मग काहीच नाही. कागद परत वीसवर आणला, तर टॉवरही नाही.

“गेला!” जाई हसली.

वस्तू वीस सेंटिमीटरच्या आत आली, की कागदावर काहीच उमटत नाही.

“जाई, टाक ते.”

भिंगाच्या खिडकीकडच्या बाजूवर हळूहळू वाफ धरत होती.