शहलाचे चित्र अकरा वाजता गेले

"चोर सापडलाय," अनीस बेक खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "फक्त पुरावा सापडत नाहीये. तेवढा तुम्ही शोधून द्या."

खासगी तपासनीस नखले बरदवील यांचे कार्यालय लेबनॉनमधल्या श्तौराच्या हमरस्त्यावर, लबनेची, म्हणजे घट्ट दह्याची, सँडविचे विकणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर होते. तिथे अशील कमी आणि वास जास्त यायचे. खिडकीत त्यांचे सहायक मुअल्लिम शुक्री सकाळचे सँडविच खात बसले होते. शुक्री निवृत्त भूगोलशिक्षक, म्हणून मुअल्लिम; अनीस जमीनदार, म्हणून बेक. जगातली प्रत्येक नदी कुठून निघून कुठे पोचते हे त्यांना पाठ होते. स्वतःचे विचार कुठे पोचताहेत ते मात्र बहुधा दुसऱ्याने सांगावे लागे.

"काय गेलं?" नखलेंनी विचारले.

"शहला."

"अरेरे! मुलगी?" शुक्रींचा घास थांबला.

"घोडी. मुलगी असती तर इतकी धावपळ केली नसती." बेकांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "गाभण आहे. आज-उद्या विणार. तबेला घरापासून मैलभर खाली आणि माझा गुडघा गेलेला. म्हणून पानगळीत तौफीक मेकॅनिकने तबेल्यात कॅमेरा बसवला. वडिलांनी पुरलेली टेलिफोनची जुनी तार होती, तिच्या दोन टोकांना दोन डबे लावले. लाइन ड्रायव्हर म्हणतात त्यांना. एक माझ्या बैठकीत, एक तबेल्यात. त्या तारेवरून चित्र घरी येतं. मी खुर्चीत बसून शहलाला बघतो."

"दिवसभर?"

"मग काय बातम्या बघू?"

नखलेंना हे पटले.

"काल अकराला सरकारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला. त्या वेळी चित्र रोजच मिनिटभर जातं आणि परत येतं. काल आलंच नाही. वाट बघून बघून शेवटी काठी टेकत खाली गेलो. ठाण रिकामं! आणि दारात माझा मोतद्दार हम्मूद, हातात डब्याची उपटलेली तार घेऊन उभा."

"मग संपलंच की!" शुक्री म्हणाले.

"तेच मी म्हणतो. बारा वाजता चौकीची जीप येईल त्याला न्यायला. कालच येणार होती, पण जीप होती तेव्हा पेट्रोल नव्हतं. हम्मूद सीमेपलीकडचा, कागद नाहीत. जीपमध्ये बसला की सरळ सीमेपार. त्याआधी घोडी कुठाय ते त्याच्याकडून वदवा."

"कागद का नाहीत?"

"कफील लागतो. जामीन राहणारा मालक."

"आणि त्याचा मालक कोण?"

बेक खिडकीबाहेर पाहू लागले. "सही राहून गेली."

"किती वर्षं?"

"तुम्ही माझी घोडी शोधताय की माझं पेन?"

*

तबेल्यात ओला पेंढा आणि चुन्याचा वास होता. कालच्या पावसाने अंगणातले सगळे ठसे धुऊन नेले होते. खालच्या फाटकाबाहेर डांबरी रस्ता होता आणि डांबर कुणाची चुगली करत नाही.

हम्मूद रिकाम्या ठाणाच्या कडेला उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, हाडकुळा. पळून का गेला नाहीस, असे शुक्रींनी विचारल्यावर तो म्हणाला, "पळालो तर परत आल्यावर ती कुणाला शोधेल?"

दाराजवळच्या फळीवर तो डबा होता. त्याची हिरवी-पिवळी अर्थिंगची तार खाली जमिनीत गेली होती आणि शेजारी बॅटरीची पेटी होती.

"वीज गेली तरी हा चालू राहतो?" नखलेंनी विचारले.

"हो. ठाणातला दिवापण. घरातली माणसं अंधारात बसतात, शहला बसत नाही."

"काल तार का उपटलीस?"

"तौफीकने शिकवलंय. आभाळ गडगडलं की आधी तार काढ. मैलभर लांब तार, वीज तिच्यातून चालत येईल आणि डब्याबरोबर तुलाही भाजेल, म्हणाला."

"अकरा वाजता कुठे होतास?"

"विहिरीवर. सरकारी वीज गेली की पंप बंद पडतो, जनरेटरवर हाताने लावावा लागतो. रोजचंच आहे, गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. परत येताना गडगडलं. धावत आलो, तार ओढली, वळून बघतो तर ठाण रिकामं. पुन्हा वळलो तर दारात बेक."

"सोयीची गोष्ट आहे," शुक्री पुटपुटले.

"गैरसोयीची आहे, मुअल्लिम. सोयीची असती तर बेक जरा उशिरा आले असते."

नखले किंचित हसले. "शहला कुणाबरोबर जाते?"

"माझ्याबरोबर. बेकांबरोबर. आणि त्यांच्या पुतण्याबरोबर, रमज़ी बेकबरोबर, साखर देतो म्हणून. चौथ्या माणसाने दोरी धरली तर चावते. पशुवैद्याला विचारा, त्याच्या अंगठ्यावर खूण आहे."

"घरात जातोस कधी?"

"स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत. पुढे सित्त अफीफा माझे बूट बघतात."

"बेक म्हणतात, चोर तूच."

हम्मूदने खांदे उडवले. "बेक तर हेही म्हणतात, सही उद्या करतो."

*

बेकांची बहीण सित्त अफीफा स्वयंपाकघरात किब्बेचे मांस कुटत होत्या. बोलताना त्यांचा मुसळावरचा हात थांबत नसे, त्यामुळे प्रत्येक वाक्याला ठोका होता.

"काल? काल पण किब्बेच. अनीस न्याहारी झाल्याबरोबर बैठकीत जाऊन बसला तो चित्र जाईपर्यंत उठला नाही. सारखी कॉफी! बैठकीत मी पाऊल टाकत नाही, हुक्क्याने जीव जातो. दारातूनच कप देते. मला घोड्यांचीही भीती वाटते, हेही विचारणार असाल तर."

"आणि रमज़ी?"

ठोका चुकला. "माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. न्याहारीआधीच निघाला, ज़हलेला न्हाव्याकडे. पोराचं लग्न अडलंय हो. मुलगी जुर्जी अबू नाअमेची, पलीकडच्या गावातली. बारा वर्षांपूर्वी शर्यतीत कुणाच्या घोड्याचं नाक पुढे होतं यावरून जुर्जी आणि अनीस बोलत नाहीत. जुर्जी म्हणतो, शहलाचं शिंगरू माझ्या तबेल्यात जन्मलं तरच मुलगी देतो. आमच्याकडे शिंगरू ज्याच्या तबेल्यात जन्मतं त्याच्या नावाने ओळखलं जातं ना."

"मग बेक काय म्हणाले?"

"म्हणाला, त्यापेक्षा रमज़ी पाद्री झालेला बरा."

अंगणात रमज़ी भेटला. नवे केस, नवा सुगंध. "तुमचा वेळ फुकट चाललाय, उस्ताज. हम्मूदने वीज बदलायची वेळ साधून तार ओढली. अम्मोंना वाटावं, रोजचीच उचकी आहे. मी तर न्याहारीलाही नव्हतो. इथे नसलेल्या माणसाने चित्र कसं घालवायचं? फुंकर मारून?"

"बरोबर आहे," शुक्री म्हणाले आणि मनातल्या मनात त्याचे नाव खोडले. त्यांना आता बेकांचाच संशय यायला लागला होता, कारण उरलेल्यांत तेवढ्यांनीच पाहुण्यांना कॉफी विचारली नव्हती.

*

बैठकीत टीव्हीमागच्या फळीवर दुसरा डबा होता. त्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. पुढचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तौफीक मेकॅनिक नवा डबा काखोटीला मारून दारात उभा होता.

"काल संध्याकाळी तबेल्यात जाऊन तार परत जोडली," तो म्हणाला. "पण दिवा नुसता लुकलुकतो, स्थिर होत नाही. आभाळातल्या विजेने जाळला असणार."

"हा बसवतात कसा, ते जरा सांगा."

तौफीक खुलला. आजवर त्याला हे कुणी विचारले नव्हते. "दोन्ही डबे जुळे. मागे खटक्यांची ओळ आहे. पहिल्या खटक्याने एकाला मुख्य करायचं, दुसऱ्याला दुय्यम. मुख्य हाक मारतो, दुय्यम ओ देतो. बाकीचे खटके वेगाचे. तार जेवढी लांब तेवढा वेग कमी ठेवायचा, हावरटपणा केला की चित्र फाटतं. सरकारी टेलिफोनच्या तारेला चुकूनही जोडायचा नाही, तिच्यात त्यांची वीज असते. आणि खटका हलवायचा तर वीज काढून. चालू डब्याचा हलवला तर त्याला पत्ताच लागत नाही. वीज जाऊन परत आली की तेव्हा वाचतो. माझ्या सासऱ्यासारखं आहे. झोपून उठल्याशिवाय काही डोक्यात शिरत नाही."

"बसवताना इथे कोण होतं?"

"रमज़ी. त्याने टॉर्च धरला होता. त्यानंतर या खोलीत मी आजच येतोय."

"काल-आज इथले खटके पाहिलेत?"

तौफीक दुखावला. "मीच लावलेत. माझंच काम मी कशाला तपासू?"

नखलेंनी चष्मा लावला आणि डब्यामागे वाकले. खटक्यांच्या ओळीवर पिठासारखी धूळ बसली होती. पहिल्या खटक्यावर मात्र नव्हती.

त्यांनी घड्याळ पाहिले. "सगळ्यांना बोलवा. हम्मूदलाही. बूट काढून का होईना, पण आत."

*

अकराला थोडा अवकाश असताना सगळे बैठकीत जमले. बेक खुर्चीत, रमज़ी खिडकीशी, सित्त अफीफा उंबऱ्यावर नाकाला रुमाल लावून, हम्मूद अनवाणी भिंतीला टेकून. टीव्हीचा पडदा काळा होता.

नखलेंनी डब्यामागे हात घालून पहिला खटका वर केला.

काहीच झाले नाही.

"वा!" रमज़ी हसला. "हाच का तुमचा तपास?"

"बसा," नखले म्हणाले. "मी प्लग काढून लावला असता तरी चाललं असतं. पण मग तुम्ही म्हणाला असता, हा हातचलाखी करतोय. काल जसं घडलं तसंच घडू दे."

मग पंखा मंदावला, दिवे गेले. गल्लीच्या टोकाला जनरेटर खोकला, गुरगुरला, दिवे परत आले. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि स्थिर झाला. पडद्यावर रिकामे ठाण दिसू लागले.

बेक अर्धवट उठले. "डबा जळला नव्हता?"

"नाही. तारही हम्मूदने उपटली ती नंतर, गडगडल्यावर. ती परत जोडली तरी चित्र आलं नाही, म्हणजे खोड दुसरीकडे होती. हा डबा मुख्य असायला हवा. कुणीतरी काल सकाळी त्याला दुय्यम केलं. डब्याला पत्ता लागला नाही. तुम्ही आरामात शहलाला बघत बसलात. अकराला वीज गेली. तबेल्यातला डबा बॅटरीवर आहे, तो चालूच राहिला. हा मात्र विझला आणि परत जागा झाला तो दुय्यम म्हणून. दोघंही दुय्यम, दोघंही समोरच्याच्या हाकेची वाट बघत बसले. लग्नात दोन व्याही पंगतीत आधी कोण बसणार म्हणून उभे राहतात तसे."

"म्हणजे खटका हलवणारा अकरा वाजता इथे असायची गरजच नव्हती!" शुक्री ओरडले. त्यांची नदी समुद्राला मिळाली होती.

"उलट त्याला इथे नसायचंच होतं. बेक, न्याहारीनंतर तुम्ही ही खुर्ची सोडली नाहीत. म्हणजे खटका त्याआधी हलला. हम्मूद पायरीच्या पुढे येत नाही. तौफीक पानगळीनंतर आज इथे आला. उरले घरातले. आता दुसऱ्या टोकाने बघा. हम्मूद विहिरीवर गेला की ठाण मोकळं, पण शहला तिघांबरोबरच जाते. हम्मूद. तुम्ही, आणि तुम्ही तर इथे कॉफी मागत होता. सित्त अफीफा घोड्याला भितात, शिवाय त्यांचं मुसळ थांबलं नव्हतं. दोन्ही टोकांना एकच माणूस बसतो. ज्याने टॉर्च धरून सगळे खटके समजून घेतले होते तो."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिले.

रमज़ीने नवे केस दोन्ही हातांनी मागे सारले. "मी न्हाव्याकडे गेलो होतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "नंतर."

"घोडी जुर्जीच्या तबेल्यात आहे का?"

"मऊ पेंढा टाकलाय तिथे. डॉक्टरही ठेवलाय. अम्मो, मला लग्न करायचं होतं."

"आणि हा माणूस सीमेपार गेला असता तर?" नखलेंनी हम्मूदकडे बोट केले.

सित्त अफीफांनी रुमाल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या बैठकीत आल्या, ते पुतण्याच्या नव्या केसांवर एक ठेवून द्यायला.

*

बेकांची जुनी मर्सिडीज फाटकातून बाहेर पडतच होती, तेवढ्यात समोर चौकीची जीप येऊन थांबली. आज पेट्रोल होते. गाडीत पुढे बेकांशेजारी हम्मूद बसला होता, कारण जुर्जीच्या घरी शहला त्याच्याशिवाय कुणाचे ऐकणार नव्हती. मागे दोन तपासनीसांच्या मध्ये रमज़ी चेपला होता.

हवालदार खिडकीशी वाकला. "चोर कुठाय, बेक?"

बेकांनी आरशातून पुतण्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"चोरी झालीच नाही. घोडी बाळंतपणाला गेलीये, पलीकडच्या गावात नातेवाइकांकडे."

"तुमचे नातेवाईक? तिकडे?"

"होणारे."

हवालदाराने कुणाला इतक्या कष्टाने एक शब्द उच्चारताना पाहिले नव्हते. त्याची नजर हम्मूदवर गेली. "मग हा कोण? कागद आहेत?"

हम्मूदने दाराच्या मुठीवर हात ठेवला. उतरायची सवय असलेल्या माणसासारखा.

"बस तिथेच," बेक म्हणाले.

"याचा कफील कोण?" हवालदाराने वही काढली.

नखले मुद्दाम बाहेरची द्राक्षांची वेल बघू लागले.

"मी," बेक म्हणाले. "अनीस तरशीशी. लिहून घ्या."

"ठीक आहे, या मग सवडीने चौकीवर..." हवालदार वही मिटू लागला आणि बेकांनी किल्ली फिरवली.

हम्मूदने हात लांब करून ती परत फिरवली. गाडी विझली.

"घाई नाही, बेक," तो म्हणाला. "शहला पहिलटकरीण नाही, थांबेल. आधी त्यांना लिहू द्या. खाली तुमची सही होऊ द्या. मग गाडी चालू करा."