कापसातला खळगा

लोणखेड्याच्या त्या घरात भाव चढेपर्यंत कापूस पुढच्या खोलीतच भरून ठेवत. यंदा ढीग खिडकीला टेकला होता. आई गेल्यापासून तिची पांढरी मांजर, ढवळी, त्यातच खळगा करून पडून असायची. किडन्या निकामी झालेल्या. भूमिका बोटानं तिच्या ओठांना दूध लावायची; ते तसंच वाळून जायचं. आईचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

"सोडी दे वं बेटी," शेजारच्या नर्मदाबाई म्हणाल्या. "तू तिले तिन्हाकरता नही, सोताकरता जगाडी ऱ्हायनी."

शहाद्याहून जनावरांचे डॉक्टर आले. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. दुसरं भरत असताना ढवळीनं मान उचलली, भूमिकाच्या तळहातावर हनुवटी ठेवली आणि घुरघुरली. कित्येक दिवसांनी.

"थांबू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"द्या," भूमिका म्हणाली.

परसात शेवग्याखाली खड्डा केला, ढवळीला आत ठेवून वर मीठ पसरलं. मिठावर माती तिनंच लोटली.

सकाळी कापसातला खळगा गरम होता. ओला कापूस रचला की आतून तापतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोपरापर्यंत हात घातला. कापूस खडखडीत कोरडा, आजूबाजूला गारठलेला. तिनं खळगा बुजवला. दुपारी तो पुन्हा पडला होता. तेवढाच.

तिनं तळहात आत टेकवला.

त्यावर अलगद एक वजन उतरलं. हनुवटीएवढं.

"मी घाई केली का गं?" ती विचारत राहिली. "सांग ना. घाई केली?"

"कोनसंगे बोली ऱ्हायनी?" दारातून नर्मदाबाईंनी विचारलं.

"कोनीच नही, मावशी."

"मंग हात काढ ना बाहेर."

भूमिकानं काढला नाही.

शेवटी तिनंच व्यापाऱ्याला बोलावलं. भाव विचारलाही नाही. मजुरांनी कापूस गाडीत भरला, फरशी झाडली. खोली लख्ख रिकामी झाली.

नर्मदाबाईंनी चहा पुढे केला. "घे."

"खाले ठेवा. हात मोकळा नही मन्हा."

नर्मदाबाईंनी तो उताणा, रिकामा तळहात पाहिला. कप त्यांच्या हातातच राहिला. "पोरी, गयी ती. तूच सोडी ना तिले?"

"हा."

भूमिका हात जराही न हलवता बसली होती.

"पन आजूनबी काहीच तोंडे लावत नही ती, मावशी. कालपेक्षा हलकी व्हई गयी."