दाखवायला आणलेलं लेकरू

दुपार कलायच्या आत पोरीला दाखवून यावं, म्हणून नीलम्मा घराबाहेर पडली. पाच महिन्यांची काशव्वा सकाळपासून पाण्यासारखं हगत होती, आणि पाजलेलं सगळं ओकत होती. नवरा धुळाप्पा गिरणीत, पहिल्या पाळीला. गल्लीच्या तोंडाशी बसणारा डॉक्टर जेवायला गेलेला, तो आता दिवेलागणीशिवाय दार उघडणार नव्हता. सासूनं, मल्लव्वानं, शेवटी सांगून टाकलं की राग धरून बसू नको, धर्मादायला ने.

धर्मादाय म्हणजे एका ट्रस्टचा दवाखाना. त्याची पायरी पुन्हा चढायची नाही, असं नीलम्मानं दोन उन्हाळ्यांमागं ठरवलं होतं. तिचा पहिला मुलगा, तान्हा शिवलिंगप्पा, तिथंच गेला होता. पण काशव्वाची मान खांद्यावर अशी पडली होती की ठरवलेलं सगळं मागं राहिलं. राग मात्र मागं राहिला नाही. तो तिच्याबरोबर चालत आला, त्या उन्हात, चपलेला डांबर चिकटत असताना.

केसपेपरची खिडकी बंद होती. व्हरांडा पुसणाऱ्या सोजरबाई आयानं सांगितलं की डॉक्टर चारला येतील. मागच्या हॉलमधी नर्सपोरींचा वर्ग चाललाय, ट्यूटरबाई हायती, त्या बगतील.

ट्यूटरबाई.

दोन उन्हाळ्यांमागं याच बाईंपुढं ती उभी राहिली होती आणि म्हणाली होती, बाई, लेकराला दाखवायला आणलंय. सगळं सोलापूर असंच म्हणतं. डॉक्टरला दाखवलं का, कुठं दाखवलं, अजून दाखवलं न्हाय व्हय. ट्यूटरबाई म्हणाल्या होत्या, बरं केलंस, दाखवू या. आणि दाखवलं. शिवलिंगप्पाला टेबलावर निजवून शिकाऊ पोरींची रांग लावली. एकेकीनं पुढं यायचं, खोल गेलेली टाळू बोटानं चाचपायची, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. चिमटी सोडली तरी घडी तशीच उभी राहते, ती का राहते, हे ट्यूटरबाई प्रत्येकीला समजावून सांगत होत्या. मग फोटोवाला आला. त्याचा दिवा लागेना. लागला तर कुणाचा तरी हात आडवा आला. नीलम्मा भिंतीला टेकून उभी होती. एवढी शिकलेली माणसं करतायत म्हणजे हाच इलाज असेल, असं तिला वाटलं होतं. पोरगं सुकलेल्या जिभेनं ओठ चाटत होतं. रांग संपली तेव्हा त्याला सलाईन लावायला शीरच सापडली नाही.

तिनं हॉलचं दार ढकललं.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत मिट्ट काळोख. खिडक्यांना काळे पडदे. फिनेलचा वास, आणि त्यात तापलेल्या धुळीचा, करपल्यासारखा. बाकांवर पांढऱ्या साड्यांच्या रांगा. मधोमध काचेचे फोटो दाखवायचं मशीन घरघरत होतं, आणि त्यातून निघालेला उजेडाचा पट्टा समोरच्या पांढऱ्या चादरीवर पडला होता. मशीनपाशी हिंदुराव नावाचा शिपाई. टेबलावर साखर-मिठाचं पाणी भरलेला जग, वाटी, चमचा.

ट्यूटरबाईंनी तिला ओळखलं नाही. पोरीकडं लांबूनच पाहून विचारलं, जुलाब ना? बरी आलीस, आज नेमका हाच धडा आहे, ठेव टेबलावर.

नीलम्मानं पोरीला आणखी घट्ट धरलं. "ठेवत न्हाय. आदी औषीद द्या."

बाकांवरून कुणीतरी फिसकन हसलं. ट्यूटरबाई चिडल्या नाहीत. अडाणी बायकांना समजावून समजावून त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांनी सांगितलं की एका लेकरावर या मुली शिकल्या तर खेड्यापाड्यांतली शंभर वाचतात, म्हणून हे करायचं. त्या खोटं बोलत नव्हत्या. तसं त्या खरंच मानत होत्या, आणि त्यानंच नीलम्माच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या.

"त्या शंभरात माजं का नव्हतं?"

"तुझं कुठलं?" ट्यूटरबाईंनी विचारलं.

हिंदुरावानं पुढची काच सरकवली, आणि चादरीवर शिवलिंगप्पा आला.

भिंतीएवढा. खोल गेलेले डोळे अर्धे उघडे. कमरेला नीलम्मानंच बांधलेला काळा करगोटा. पोटावर एका बाईमाणसाची दोन बोटं, आणि त्या बोटांत धरलेली कातडी. दोन उन्हाळे त्या पोराला कुणी सोडलं नव्हतं. दर तुकडीला तो इथं येत होता, तहानलेला, आणि पोरी त्याच्याकडं बघून धडा शिकत होत्या.

"हे," नीलम्मा म्हणाली. "हे माजं."

तेवढ्यात वीज गेली.

डोक्यावरचा पंखा गरगरत मंद झाला. मशीनची घरघर थांबली, उजेडाचा पट्टा विझला. पोरी सवयीनं कुजबुजल्या. आणि मग, एका बाकामागून एक, गप्प झाल्या.

चादरीवर शिवलिंगप्पा तसाच होता.

"हिंदुराव," ट्यूटरबाई म्हणाल्या, "मशीन बंद करा."

"बंदच हाय, बाई..." हिंदुरावाचा आवाज खाली गेला. "वायर माज्या हातात हाय..."

काळोखात कुठंतरी ओठ चाटल्याचा आवाज झाला. कोरडा, कागदावर कागद घासावा तसा. चादरीवरचे डोळे हळूहळू फिरले. पोरींच्या रांगांवरून, ट्यूटरबाईंवरून फिरत आले आणि आईवर येऊन थांबले. तोंड उघडलं.

नीलम्माला भीती वाटली नाही. इतका राग अंगात असला की भीतीला जागा कुठून मिळणार? तिनं काशव्वाला कमरेवर घेतलं, टेबलावरचा जग उचलला, चमचा उचलला.

"ते शिकवायला ठेवलंय," ट्यूटरबाई सवयीनं बोलून गेल्या.

नीलम्मा त्यांच्याकडं वळली. "मी लेकरू दाखवायला आणलं व्हतं, बाई. तुमी दाखवलं. समद्यांना दाखवलं. बगितलं कुनी?"

ती चादरीपाशी गेली आणि चमचा उघड्या तोंडाला लावला. कापडावर पाणी ओतलं की ओघळ येतो. ओघळ आला नाही. दुसरा चमचा, तिसरा. चादर कोरडीच. प्रत्येक चमच्याला कापडाच्या आतून घुटका गिळल्याचा बारीक आवाज येत होता. "पी, मगा," ती कानडीत लेकराला म्हणतात तसं म्हणत होती. "पी. कुनी घाई करत न्हाय."

किती वेळ गेला कोण जाणे. पाजता पाजता ती रडत होती आणि शिव्या देत होती. रांगेला, फोटोवाल्याला, त्या दिवशी भिंतीला टेकून गप्प उभ्या राहिलेल्या स्वतःला. जग अर्ध्याच्या खाली गेला. पोराचं तोंड मिटत नव्हतं.

"ताई..." पहिल्या बाकावरची माजिदा नावाची शिकाऊ पोरगी उठून जवळ आली होती. ती चादरीकडं बघत नव्हती. "ताई, बच्ची को देखो... तिचे डोळे फिरतायत."

नीलम्मानं खाली पाहिलं. काशव्वाचं रडणं केव्हा थांबलं, ते तिला कळलंच नव्हतं. ओठ पांढरे. टाळू खोल.

जगात तळाला थोडं पाणी उरलं होतं. समोर तोंड उघडंच होतं, आणि आता ते चादरीच्या बाहेर आल्यासारखं दिसत होतं... चमच्याच्या दिशेनं, थोडं पुढं. नीलम्माचा हात तिथंच अडला. एवढ्या दिवसांनी हातात पाणी आलं होतं. एवढ्या दिवसांनी पोरगं आईच्या हातचं पीत होतं.

"मगा..." ती म्हणाली.

तिनं त्याच्याकडं पाठ केली. खाली बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि उरलेलं पाणी थेंब थेंब तिच्या ओठांत सोडू लागली. मागून ओठ चाटल्याचा आवाज येत राहिला. अगदी मानेपाशी. मानेवर गार श्वास लागत होता, पण तिनं वळून पाहिलं नाही. माजिदानं धावत जाऊन दुसरं पाणी केलं आणि ती शेजारी बसून पदरानं वारा घालू लागली. पाणी आधी ओघळून बाहेर आलं. मग थोडं आत गेलं. मग आणखी थोडं. फार वेळानं काशव्वा किंचाळून रडली, आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याचा खराखुरा थेंब आला.

वीज आली तेव्हा चादर पांढरी होती. हिंदुरावानं मशीन लावलं. काच तीच, टेबल तेच, हवेत दोन बोटंही तशीच. त्या चिमटीत काही नव्हतं.

डॉक्टरनं पोरीला दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. निघताना ट्यूटरबाई फाटकापर्यंत आल्या. चेहरा उतरलेला होता, हात पदराखाली लपवलेले. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या तुकडीला एकदा येशील का गं? चमच्यानं कसं पाजायचं, ते मुलींना दाखवायला."

नीलम्मानं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की त्यांनी खालीच पाहिलं. ती चालू लागली.

काशव्वा सुधारली, गुबगुबीत झाली. पावसाळ्यात तिला भाताची पेज सुरू केली. चार घास नीट खायची, आणि पाचवा आला की मान फिरवून चमचा हातानं बाजूला सारायची. नेहमी एकाच बाजूला, उतरंडीच्या कोपऱ्याकडं. मल्लव्वा हसायची, म्हणायची, वाटणी करती की गं ही.

एकदा भर सकाळी, घरात दुसरं कुणी नसताना, नीलम्मानं तो चमचा मागं घेतला नाही. पोरीनं ढकलला तसाच कोपऱ्याकडं धरला आणि डोळे मिटले.

चमचा हलका झाला. तिनं तो परत ओढला, तर येईना. पलीकडून कुणीतरी तो दातांत घट्ट धरला होता.

शिवलिंगप्पा गेला, तेव्हा त्याला एकही दात आलेला नव्हता.