भुवयांवरचा चिखल

"या घरातले उंदीर माझ्यापेक्षा सुखात आहेत," पामी पुटपुटला. त्याच्या भाकरीचा कोपरा कुरतडलेला होता. "भरदुपारी! मेल्यांना भीती म्हणून नाही."

"खा गुपचूप," हारवा म्हणाला. त्याची नजर चुलीपाशच्या दुधाच्या वाटीवर होती. दुधाची सुकून पापडी झाली होती.

बुबास्तिस नगरात खुनाचा गुंता सुटेना की लोक हारवाला आणि त्याचा मदतनीस पामीला बोलवत. या वेळी म्हाताऱ्या तकुशनं बोलावलं होतं. तिचा थोरला मुलगा पेदिसे, कापडाचा व्यापारी, चार दिवसांपूर्वी रात्री जेवून झोपला तो तोंडाला फेस येऊन गेला. प्रेत ममी करायला लेपवाल्यांकडे होतं. सूर्य कलला की शिपाई सुनेला, इर्तिरूला, न्यायला येणार होते. नवऱ्याला मारणारीला जिवंत जाळत.

"तिला सोडव, लेका," तकुश म्हणाली. सुतकात तोंडाला फासायचा चिखल तिनं पुन्हा पुन्हा थापला होता. ओला, जाड, पापण्यांपर्यंत उतरलेला.

"सोडव काय?" धाकटा होरी उसळला. सुतकानं त्याची दाढी वाढली होती. "मासे वहिनीनं वाढले. आणि तोंड बघा तिचं! चिखल केव्हाच गळलाय."

खरंच, इर्तिरूच्या दाट भुवयांत चारदोन कण तेवढे अडकले होते.

"मासे कुणी तळले?" हारवानं विचारलं.

"आम्ही दोघींनी," इर्तिरू म्हणाली. "उरलेलं ताट मी चुलीपाशी ठेवलं."

"मग?"

"सकाळी उठले तर सासूबाईंनी घासून टाकलेलं."

"दंडाला काय झालं?"

तिनं वस्त्र ओढून घेतलं. "उंबऱ्याला अडखळले."

"पहिली वहिनीही अशीच धांदरट," होरी म्हणाला. "कालव्यात पाय घसरून गेली."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"घरचं मांजर कुठे दिसत नाही?" हारवानं विचारलं.

"भटकत असेल," तकुश घाईनं म्हणाली.

अंगणात आल्यावर पामी कुजबुजला, "सूनच. डोळ्यांत टिपूस नाही. आणि तो शेजारचा कुंभार पाहिलास? मांजर मेलं म्हणून अख्खं घर भुवया भादरून बसलंय. उकडलेली अंडी नुसती!"

हारवा थबकला. मग पाण्याचा घडा उचलून आत गेला.

"आजी, तोंड धुवा."

"सुतकात?"

"उंदीर दिवसाढवळ्या फिरतायत, दूध सुकलंय. मांजर मेलंय, आजी. ताटातला उरलेला मासा खाऊन. ते सापडलं असतं तर विष उघड झालं असतं, म्हणून कुणीतरी ते लपवलं. पण मांजर मेल्यावर भुवया न काढणं त्या माणसाला जमलं नसणार. माणसांना फसवता येतं, मांजरांच्या बास्त देवीला कसं फसवायचं? सुनेच्या भुवया जागेवर आहेत. होरीच्याही. तुमच्या मात्र चिखलाखाली आहेत."

"अरे, पोटचा मुलगा होता तिचा!" पामी म्हणाला.

तकुशनं घडा स्वतःच ओढला. चिखल ओघळला. खाली नुसतं कपाळ होतं, गुळगुळीत.

"अंजिराखाली पुरलंय," ती म्हणाली. "माझ्या चांगल्या कापडात गुंडाळून. त्या मुक्या जीवाचा काय दोष?"

"आई," होरीचा आवाज फाटला, "का?"

तिनं इर्तिरूचा दंड हळूच उघडा केला. काळीनिळी बोटं उमटली होती.

"पहिलीचा पाय घसरला नव्हता, होरी. पेदिसेनं तिला पाण्याखाली दाबून धरलं होतं. मी काठावर उभी होते. आणि तू माझ्या शेजारी."